नवीन टाकीला आधी विरजण लावा, मासे मग आणा



पावसाळ्यात होड्या काठाला लागल्या, जाळी दुरुस्तीला काढली की घरात हाताला काहीतरी काम हवं असतं. म्हणून आपल्यातल्या बऱ्याच घरांनी रंगीत माशांचा जोडधंदा धरलाय. कुणी ओसरीवर दोन काचेच्या टाक्या मांडल्यात, कुणी गच्चीवर सिमेंटच्या टाक्यांत गप्पी-मॉलीची पिल्लं काढतंय. घरातल्या बायका हे काम नेटानं करतात. पण ऑफिसात येणारी तक्रार नेहमी एकच असते. फिल्टर नवा, पाणी काचेसारखं स्वच्छ, पंप रात्रंदिवस चालू, तरी दहाव्या-बाराव्या दिवशी मासे पटापट मेले. दुकानदारानंच आजारी मासे दिले असणार!

दुकानदाराची चूक कधी असतेही. पण नवीन टाकीत पहिल्या तीन आठवड्यांत मासे मेले, तर पहिला संशय पाण्यावर घ्यायचा. नागरवाड्यापासून मही-नर्मदेच्या काठापर्यंत ज्यांनी टाकी मांडली आहे किंवा मांडायचा विचार आहे, त्यांनी हे नीट वाचा. वहिनींना, मुलींना वाचून दाखवा, कारण टाकीजवळ दिवसभर त्याच असतात.

स्वच्छ दिसणारं पाणी विषारी कसं होतं

मासा खातो, श्वास घेतो आणि कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतो. त्याची विष्ठा आणि उरलेलं खाणं कुजतं, त्यातूनही अमोनियाच तयार होतो. नदीत हे वाहून जातं, पसरतं. टाकीत जायला जागा नाही. अमोनियाला रंग नाही आणि थोड्या प्रमाणात त्याचा वासही येत नाही, त्यामुळे पाणी बघून काही कळत नाही. माशाचे कल्ले मात्र जळतात. मासा वर येऊन तोंड उघडझाप करतो, कोपऱ्यात पडून राहतो आणि जातो.

मग नदी-तळ्यांत हा अमोनिया संपवतं कोण? दगडांवर, वाळूवर, बुडालेल्या लाकडावर राहणारे बॅक्टेरिया. आपली होडी पाण्यात उतरवली की थोड्या दिवसांत तळाला बुळबुळीत थर येतो. त्या थरात अनेक जातीचे बॅक्टेरिया असतात. त्यातल्या एका गटाचं काम अमोनिया खाऊन त्याचं नायट्राइट करणं. दुसरा गट नायट्राइट खाऊन नायट्रेट करतो. नायट्राइटही विषारीच. ते माशाच्या रक्तात शिरलं की रक्ताला प्राणवायू वाहून नेता येत नाही, कल्ले लालऐवजी तपकिरी दिसायला लागतात. नायट्रेट त्यामानानं पुष्कळ सौम्य. ते पाणी बदलून काढता येतं आणि पाणवनस्पती खत म्हणून खातात.

आता फिल्टरचं बघू. स्पंज, सिरॅमिक रिंगा, बायोबॉल हे सगळं या बॅक्टेरियांना राहायला दिलेलं घर आहे. दुकानातून आणलेल्या फिल्टरमध्ये घर असतं, राहणारे नसतात. नवा स्पंज कचरा अडवतो, म्हणून पाणी स्वच्छ दिसतं. अमोनिया मात्र त्याच्यातून आरपार जातो.

घाई का चालत नाही

हे बॅक्टेरिया फार सावकाश वाढतात. दूध नासवणारे, खाणं कुजवणारे बॅक्टेरिया २०-३० मिनिटांत दुप्पट होऊ शकतात. अमोनिया खाणाऱ्यांना सगळं मनासारखं मिळालं तरी दुप्पट व्हायला ८ तास ते एक दिवस लागतो, कधी त्याहून जास्त. म्हणून नवीन टाकी तयार व्हायला साधारण ४ ते ६ आठवडे जातात, थंडीत जास्तही. 'पी हळद अन् हो गोरी' हा प्रकार इथं चालत नाही.

ही गोष्ट दीडशे वर्षांपूर्वीच लक्षात आली होती. १८७७ साली फ्रान्समध्ये श्लोसिंग आणि म्युंट्झ या दोघांनी वाळू आणि चुनखडी भरलेल्या नळीतून गटाराचं पाणी हळूहळू झिरपत ठेवलं. पहिले वीसेक दिवस अमोनिया जसाच्या तसा खाली येत होता. नंतर त्याच नळीतून नायट्रेट यायला लागलं. नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडल्यावर काम बंद पडलं. वाफ काढून वरून बागेतल्या मातीचं पाणी ओतलं, तसं काही दिवसांनी पुन्हा सुरू झालं. म्हणजे हे काम वाळूचं नव्हे, वाळूवर बसलेल्या जिवांचं, हे सिद्ध झालं. आपल्या नवीन टाकीतही असंच घडतं. ते वीस दिवस थांबायचं आणि बाहेरून 'मातीचं पाणी' म्हणजे विरजण घालायचं.

पुढे १८९० च्या सुमारास विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञानं हे बॅक्टेरिया वेगळे करून दाखवले. नायट्राइट खाणारा बॅक्टेरिया म्हणजे नायट्रोबॅक्टर, असं पुस्तकांत बरीच वर्षं छापलं जायचं. १९९८ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी गोड्या पाण्याच्या टाक्या तपासल्या तेव्हा तिथं ते काम नायट्रोस्पायरा जातीचे बॅक्टेरिया करताना दिसले. २०१५ मध्ये तर अमोनियापासून नायट्रेटपर्यंतचं सगळं काम एकट्यानं करणारे नायट्रोस्पायरा सापडले. नेदरलँड्समधल्या संशोधकांना ते मत्स्यपालनाच्या फिल्टरमध्येच मिळाले होते.

टाकी कशी तयार करायची

तीन फूट लांब, एक फूट रुंद, दीड फूट उंच अशी टाकी धरू. काठोकाठ भरली तर तिच्यात साधारण १२७ लिटर पाणी मावतं. वाळू आणि वरची मोकळी जागा सोडली की १०० लिटर.

पहिल्या दिवशी टाकी धुऊन, वाळू घालून पाणी भरा. साबण अजिबात लावू नका. बडोदा शहराला पाणी आजवा सरोवरातून आणि महीच्या फ्रेंच विहिरींतून येतं, आणि नळाला यायच्या आधी त्यात क्लोरीन मिसळतात. क्लोरीन आपल्याला जंतूंपासून वाचवतं, पण फिल्टरमधले बॅक्टेरियाही मारतं. म्हणून नळाचं पाणी उघड्या पिंपात एअर स्टोन लावून २४ तास ठेवा, किंवा दुकानात अँटिक्लोरीन म्हणून मिळणारे खडे पाकिटावरच्या प्रमाणात घाला. पुढे दर वेळी पाणी बदलतानाही हेच करायचं.

फिल्टर आणि एअर पंप चालू करा, ते आता बंद करायचे नाहीत. या बॅक्टेरियांना प्राणवायू खूप लागतो. १ ग्रॅम अमोनिया-नायट्रोजन संपवायला साडेचार ग्रॅमच्या वर प्राणवायू खर्च होतो. घरी वापरायला मला साधा हवेवर चालणारा स्पंज फिल्टर सगळ्यात सोयीचा वाटतो. स्वस्त आहे, पिल्लं त्यात ओढली जात नाहीत आणि हवा आपोआप मिळते.

यानंतर बॅक्टेरियांना खाणं द्यायचं, म्हणजे अमोनिया. मासे न घालता तो देण्याचे दोन मार्ग आहेत.

पहिला मार्ग अमोनियम क्लोराइडचा. कल्हईवाला भांड्याला लावतो तो नवसागर म्हणजे हाच पदार्थ. पण बाजारातल्या नवसागरात भेसळ असू शकते, म्हणून केमिकलच्या दुकानातून शुद्ध घ्या. ६ ग्रॅम पावडर १ लिटर पाण्यात विरघळवून बाटलीवर मोठ्या अक्षरात नाव लिहा आणि मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा. यातलं १०० मिली द्रावण १०० लिटरच्या टाकीत घातलं की अमोनिया लिटरला सुमारे २ मिलिग्रॅम होतो. तेवढा पुरे. जास्त घातल्यानं काम लवकर होत नाही, उलट अडतं.

दुसरा मार्ग घरातलाच. एक सोललेली कोलंबी जुन्या पायमोज्यात बांधून टाकीत सोडा, किंवा माशांच्या खाण्याची चिमूट रोज टाका. कुजून अमोनिया होतो. खर्च नाही, पण घरात वास येतो आणि प्रमाण हातात राहत नाही. चार टाक्या करायच्या असतील तर पहिला मार्गच बरा.

विरजण

दही लावताना आपण शेजारून चमचाभर विरजण आणतो. तसंच इथं करायचं. ज्यांची टाकी वर्षभर उत्तम चालू आहे, मासे तंदुरुस्त आहेत, त्यांच्या फिल्टरमधला स्पंजाचा तुकडा किंवा मूठभर रिंगा मागून आणा आणि आपल्या फिल्टरमध्ये घाला. तेही जमत नसेल तर त्यांचा स्पंज तुमच्या टाकीच्या पाण्यात पिळून घ्या. पाणी गढूळ होईल, होऊ द्या. एवढ्यानं महिन्याचं काम बऱ्याचदा दोन आठवड्यांवर येतं.

आणताना दोन गोष्टी पाळा. स्पंज वाळता कामा नये आणि हवाबंद डबा पाण्यानं भरून त्यात तासन्तास ठेवता कामा नये. ओल्या कपड्यात गुंडाळून लगेच घेऊन या. दुसरं म्हणजे, ज्या टाकीत गेल्या दोन-तीन महिन्यांत रोग आला होता तिथून काहीही आणू नका. विरजणाबरोबर रोगही येतो.

बाटलीत मिळणाऱ्या बॅक्टेरियांबद्दल सगळे विचारतात. काही चांगले असतात. काहींमध्ये नुसते कचरा कुजवणारे बॅक्टेरिया असतात, त्यांचा अमोनियावर उपयोग नाही. बाटलीवर नायट्रोसोमोनास आणि नायट्रोस्पायरा ही नावं आहेत का बघा, तारीख बघा. मे महिन्यात दुकानाच्या उन्हात पडलेली बाटली घेऊ नका. आणि बाटली घातली तरी टेस्ट केल्याशिवाय मासे सोडू नका.

पाणी मोजायचं

डोळ्यांना दिसत नाही ते मोजावंच लागतं. अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट आणि पीएच यांच्या थेंबांच्या टेस्ट किट मिळतात. चार-पाच घरांनी मिळून एक घेतली तरी पुरते. शाळेची एक जुनी वही करा आणि दर दोन दिवसांनी आकडे लिहा.

साधारण असं दिसेल. पहिला आठवडा-दीड आठवडा अमोनिया २ च्या आसपासच राहतो, काही होतच नाही असं वाटतं. मग अमोनिया उतरायला लागतो आणि नायट्राइट दिसायला लागतं. अमोनिया शून्याजवळ आला की द्रावण निम्म्या प्रमाणात, म्हणजे ५० मिली, पुन्हा घालायचं, नाहीतर बॅक्टेरिया उपाशी राहतील. दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात नायट्राइट खूप चढतं. इथंच बहुतेकांचा धीर सुटतो. "अमोनिया तर शून्य झाला, आता काय" असं म्हणून मासे आणले जातात आणि नायट्राइटनं मरतात. थांबा. काही दिवसांत नायट्राइटही खाली येतं आणि नायट्रेट वाढतं.

शेवटची परीक्षा अशी: पूर्ण १०० मिली द्रावण घाला आणि बरोबर २४ तासांनी मोजा. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य आलं तर टाकी तयार. दुसऱ्या दिवशी पुन्हा करून बघा. दोन्ही वेळा शून्य आलं की अर्ध्याहून जास्त पाणी बदलून नायट्रेट कमी करा आणि एक-दोन दिवसांत मासे आणा. सगळे एकदम आणू नका. आधी एक तृतीयांश, आठवड्यानं टेस्ट करून पुढचे. फिल्टरमधली वस्ती जेवढं खाणं मिळेल तेवढीच वाढते.

आपल्याकडचं पाणी, आपल्याकडचं हवामान

बोअरचं पाणी वापरत असाल तर पीएच जरूर मोजा. पीएच जितका वर, तितका अमोनिया जास्त विषारी. २५ अंश तापमानाला पीएच ७ असेल तर एकूण अमोनियातला अर्ध्या टक्क्याच्या आसपास भागच जहाल रूपात असतो. पीएच ८ झाला की तोच भाग ५ टक्क्यांच्या वर जातो. म्हणजे किटवर आकडा तोच, पण धोका सुमारे दहापट. म्हणूनच एकाच दुकानातले मासे एका घरात जगतात, दुसऱ्या घरात मरतात.

उलट बाजूही आहे. बॅक्टेरियांना पीएच ७ ते ८.५ मानवतो. ६ पर्यंत उतरला तर त्यांचं काम जवळजवळ थांबतं. १ ग्रॅम अमोनिया-नायट्रोजन संपवताना पाण्यातला ७ ग्रॅमइतका क्षार खर्च होतो. नुसतं पावसाचं किंवा आरओचं पाणी भरलेल्या टाकीत पीएच घसरतो तो यामुळे. त्यात थोडं नळाचं पाणी मिसळा किंवा फिल्टरमध्ये मूठभर शिंपल्यांचे तुकडे ठेवा. शिंपले आपल्याला विकत आणायला नकोत.

तापमान २५ ते ३० अंश असेल तर काम झपाट्यानं होतं. जानेवारीत बडोद्यात रात्री पारा १२ अंशांच्या आसपास उतरतो, तेव्हा नवीन टाकी मांडणार असाल तर हीटर लावा, नाहीतर महिन्याचे दोन महिने होतील. उन्हाळ्यात वेगळी अडचण. २० अंशाच्या पाण्यात प्राणवायू लिटरला ९ मिलिग्रॅमपर्यंत मावतो, ३० अंशाला साडेसातच्या आसपास. म्हणून मे महिन्यात हवा वाढवा. लाइट जाते त्या भागात बॅटरीवर चालणारा छोटा एअर पंप ठेवाच. बंद डब्याचा फिल्टर काही तास बंद राहिला तर आतले बॅक्टेरिया गुदमरतात. तो परत चालू करण्याआधी आतलं घाण पाणी फेकून द्या.

जमलेली वस्ती कशानं उठते

सगळ्यात जास्त नुकसान स्वच्छतेच्या हौशीनं होतं. स्पंज काळा दिसतो म्हणून नळाखाली धरून, घासून पांढरा करतात. महिनाभराची कमाई मोरीत जाते आणि आठवड्यात मासे मरायला लागतात. टाकीतलंच पाणी बादलीत काढून त्यात स्पंज दोन-तीनदा पिळला की पुरे. दोन स्पंज असतील तर एका वेळी एकच धुवा.

औषधांचंही तसंच. मिथिलीन ब्लू आणि काही अँटिबायोटिक औषधं या बॅक्टेरियांना मारतात. आजारी मासा वेगळ्या टबात काढून तिथं औषध द्या, मुख्य टाकीत ओतू नका.

आणि ज्यांनी मासे आधीच आणलेत, त्यांनी काय करायचं? मासे फेकायची गरज नाही. खाणं एक दिवसाआड आणि तेही थोडं द्या. रोज मोजा. अमोनिया किंवा नायट्राइट लिटरला अर्ध्या मिलिग्रॅमच्या वर गेलं की क्लोरीन काढलेल्या पाण्यानं पाव ते अर्धी टाकी बदला. नायट्राइट चढलं असेल तर १० लिटरला १० ग्रॅम खडे मीठ विरघळवून घाला, त्यानं नायट्राइट रक्तात शिरणं कमी होतं. पाणवनस्पती किंवा मांगूरसारखे बिनखवल्याचे मासे असतील तर मीठ निम्मंच घाला. विरजणाचा स्पंज मिळवा. हे सगळं करून मासे वाचतात, पण महिनाभर रोज राबावं लागतं आणि काही मासे तरीही जातात.

हे सगळं कशासाठी

२०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत घरामागच्या शोभिवंत मासे युनिटचा खर्च ३ लाख रुपये धरलाय. सर्वसाधारण गटाला ४० टक्के, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के मदत. म्हणजे घरातल्या बाईच्या नावानं युनिट केलं तरी १ लाख २० हजार आपल्या खिशातले. सध्या अर्ज चालू आहेत का, ते मत्स्यविभागाच्या कार्यालयात विचारून घ्या. पण पैसे मिळाले आणि पहिल्याच महिन्यात बीज मेलं, तर मदत विसरा, कर्ज डोक्यावर राहतं आणि घरातली बाई पुन्हा त्या टाकीजवळ जात नाही.

महाराष्ट्रात किनाऱ्यावरच्या मच्छीमार कुटुंबांसाठी २०१७ मध्ये कांदळवन संवर्धन व उपजीविका योजना आली. त्यात खेकडे, जिताडा, कालवं यांच्याबरोबर शोभिवंत मासेही आहेत. ऐरोलीला कांदळवन प्रतिष्ठानची सागरी शोभिवंत माशांची हॅचरी आहे, तिथं निमो म्हणून ओळखला जाणारा मासा वाढवतात. समुद्राच्या पाण्यात ही बॅक्टेरियांची वस्ती बसायला गोड्या पाण्यापेक्षा जास्तच वेळ लागतो. जिवंत मासे विकायच्या टाक्या असोत, तिलापिया-पंगसचं पाणी फिरवून वापरणारं युनिट असो की १९५१ साली मुंबईत मरीन ड्राइव्हवर उघडलेलं तारापोरवाला मत्स्यालय, पाण्याचा हा हिशोब कुणालाच चुकत नाही.

तेव्हा होड्या काठाला लागायच्या महिनाभर आधी टाकी मांडा, म्हणजे हातात वेळ येईल तोवर पाणी तयार असेल. ज्यांच्या टाक्या जुन्या आणि निरोगी आहेत त्यांनी नवीन सभासदांना विरजणाचा स्पंज द्यायला मागेपुढे पाहू नये. मासे आणायच्या आदल्या दिवशी आकड्यांची वही आणि बाटलीभर पाणी घेऊन ऑफिसात या, एकत्र बसून बघू.

आपला,
सचिव